घसरगुंडीला किती गुण?

फॉर्मचा चौथा विभाग होता ‘शारीरिक शिक्षण व खेळ’. त्यात नऊ प्रश्न. मोकळी जागा किती चौरस फूट? घसरगुंडी आहे का? झोका आहे का? चेंडू किती, दोऱ्या किती, रिंगा किती? वेळापत्रकात खेळाचा तास दाखवलाय का? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, खाली बेरीज, त्याखाली माझी सही.

इतिहासात एम.ए. करून घरी बसले होते तेव्हा एका पाहणीचं हे चार महिन्यांचं काम मिळालं. घाटावरच्या एका डोंगराळ तालुक्यातल्या अंगणवाड्या आणि तालुक्याच्या गावातल्या खाजगी नर्सऱ्या बघायच्या, फॉर्म भरायचा, फोटो काढायचे, पुढच्या गावाची एसटी पकडायची. बालशिक्षणातलं मला काही कळत नव्हतं. कळायची गरजही नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. प्रश्न इतके सोपे आहेत की कोणीही भरू शकेल.

तालुक्याच्या गावातल्या एका नर्सरीला मी ४५ पैकी ३८ गुण दिले. लाल-पिवळी घसरगुंडी, खाली रबरी चटई, भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक, त्यात रोज अकरा ते साडेअकरा ‘पी.टी.’. सगळं होतं. त्या अर्ध्या तासात मी तिथे उभी होते. बावीस मुलं रांगेत, तोंडावर बोट. एक मूल घसरायचं, मॅडम ‘नेक्स्ट’ म्हणायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला दोनदा घसरणं आलं. उरलेला वेळ मुलं उभी राहायला शिकत होती.

दुसऱ्या दिवशी एका वाडीवरची अंगणवाडी. एक खोली, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, त्याला गुडघाभर उंच दगडी ओटा. साधनं म्हणाल तर हवा गेलेला एक चेंडू. मी ताईंशी बोलत होते तेवढ्या वेळात मुलं ओट्यावरून किती वेळा खाली उडी मारून पुन्हा वर चढली, ते मोजायचं सुचलंच नाही. दोघंजण शेजारच्या शेताच्या बांधावरून हात पसरून चालत होते. एक मुलगी लंगडी घालत पोरांच्या मागे लागली होती. मी फॉर्म भरला. ४५ पैकी ११.

रात्री मुक्कामाच्या खोलीवर दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि जेवण गोड लागेना. बेरीज बरोबर होती. पण इतिहासाच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली होती: कागद हातात आला की आधी त्यातला मजकूर वाचायचा नाही, तो कोणी आणि कशासाठी लिहिला ते विचारायचं. ही सवय मी ताम्रपटांवर वापरली होती, बखरींवर वापरली होती. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर वापरायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. लहान मुलांच्या खेळाला गुण द्यायचे हे कोणाला सुचलं? आणि घसरगुंडीपाशीच का थांबले?

*

सुरुवात जर्मनीत आहे, आणि ती जरा चमत्कारिक आहे.

१८१३ साली नेपोलियनविरुद्ध लढायला ल्युत्सो नावाच्या सेनानीनं स्वयंसेवकांची पलटण उभारली. तिच्यात दोन शिक्षक भरती झाले. एक फ्रीडरिश लुडविग यान. त्यानं दोनच वर्षांपूर्वी, १८११मध्ये, बर्लिनच्या हासेनहाइड भागात उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं होतं. जिम्नॅस्टिक्सचे दांडे आणि घोडा आज आपण बघतो, त्याचं बरंचसं श्रेय त्याला जातं. दुसरा फ्रीडरिश फ्रोबेल. यानच्या व्यायामशाळांचा हेतू स्पष्ट होता: दणकट, शिस्तीचा, देशासाठी लढणारा तरुण. फ्रोबेल मात्र लढाईहून परतला आणि हळूहळू तान्ह्या मुलांकडे वळला. १८३७मध्ये त्यानं ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४०मध्ये तिला नाव दिलं, किंडरगार्टन. मुलांची बाग.

फ्रोबेल म्हटलं की बी.एड.च्या गाइडात लाकडी ठोकळे आणि लोकरीचे चेंडू येतात. पण त्याच्या बागेत हालचालींचे खेळही तितकेच होते. गोल धरून फिरायचं, चाक व्हायचं, पक्षी व्हायचं, ओढ्यासारखं वळणं घेत जायचं, सोबत गाणं. एकाच पलटणीतल्या दोन माणसांनी शरीराकडे बघायच्या दोन वाटा काढल्या. एकात शरीर तयार करायचं असतं, दुसऱ्यात ते वापरत वापरत मूल स्वतःच वाढतं.

गंमत अशी की प्रशियाच्या सरकारनं दोघांनाही बंदी घातली. यानच्या व्यायामशाळा १८२० पासून १८४२ पर्यंत बंद होत्या, कारण तिथे जमणारे तरुण सरकारला धोक्याचे वाटत होते. किंडरगार्टनवर १८५१मध्ये बंदी आली. फ्रोबेलच्या पुतण्यानं लिहिलेल्या एका पुस्तिकेमुळे मंत्र्यांचा काका-पुतण्यात घोटाळा झाला, असं कारण बहुतेक ठिकाणी दिलं जातं. आरोप होता समाजवादाचा आणि नास्तिकपणाचा. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६०मध्ये. म्हणजे चार वर्षांच्या मुलांच्या फेर धरण्याचं पहिलं सरकारी मूल्यमापन झालं ते एकाच निकषावर: राज्याला धोका आहे की नाही. निकाल: आहे.

बंदीमुळे फ्रोबेलच्या शिष्या देशोदेशी पांगल्या आणि किंडरगार्टन जगभर गेलं. मराठीत ते आलं त्यात पंडिता रमाबाईंचा मोठा वाटा आहे. १८८६मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा ती पद्धत सोबत आणली. विधवा मुलींसाठीच्या शाळेत फ्रोबेल! आपल्या पाठ्यपुस्तकांत रमाबाईंविषयी बरंच असतं, हे सहसा नसतं.

*

तपासणीचा फॉर्म मात्र जर्मनीतून आला नाही. तो आपल्याकडे इंग्रजांच्या वाटेनं आला.

१८६२पासून इंग्लंडात सरकारी अनुदान निकालावर मिळू लागलं. इन्स्पेक्टर यायचा, मुलांना वाचायला लावायचा, गणित घालायचा, पास मुलांमागे शाळेला पैसे. आपल्याकडचा ‘डिपोटी’ याच घराण्यातला. तो येणार म्हणून भिंती सारवल्या जायच्या आणि पोरांना ‘एक साथ नमस्ते’ घोटून घेतलं जायचं. अशा पाहुण्याला दाखवायला सगळ्यात सोयीची गोष्ट कोणती? कवायत. सावधान, विश्राम, हात वर, हात खाली. शंभर हात एकदम वर गेले की शाळा चांगली चालली आहे हे लांबूनही दिसतं. लहान मुलांच्या शाळेत कवायत इतकी का रुजली, याची कारणं बरीच सांगतात, शिस्त, आरोग्य, साम्राज्य वगैरे. ती पाहणाऱ्याच्या सोयीची होती, हे त्यात कोणी फारसं सांगत नाही.

इंग्लंडात तेव्हा तीन वर्षांची मुलंसुद्धा शाळेत यायची. पायऱ्यांसारख्या बाकांवर ओळीनं बसवायचे, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. या मुलांचं काय चाललंय ते बघायला शिक्षण मंडळानं पाच बाई-इन्स्पेक्टर नेमल्या. त्यांचा अहवाल १९०५मध्ये आला. बालशिक्षणाच्या इतिहासात मला सापडलेलं हे पहिलं खरंखुरं मूल्यमापन. कारण या बायकांनी पाटीवरची अक्षरं न मोजता मुलांची शरीरं बघितली. कोण पेंगतंय, कोणाचे डोळे ताणलेत, किती वेळ एका जागी बसवलंय. कॅथरीन बॅथर्स्ट यांच्या अहवालात तर सरळ तक्रार आहे की ही शिस्त आईची नसून लष्कराची आहे, आणि ती राखायची तर मुलांना हवी ती मोकळीक मारावी लागते. त्यांना हवी होती वेगळ्या तऱ्हेची बालशाळा, जिथे झोपता येईल, खेळता येईल.

झालं काय? पाच वर्षांखालच्या मुलांना शाळेत येऊन काही फायदा होत नाही, एवढंच वाक्य वरच्यांनी उचललं. त्याच वर्षी नियम बदलला आणि स्थानिक मंडळांना या मुलांना नाकारायची मुभा मिळाली. पुढच्या काही वर्षांत शाळेत येणाऱ्या तीन ते पाच वयाच्या मुलांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. नव्या बालशाळा काही लगेच निघाल्या नाहीत. कामावर जाणाऱ्या आयांची पोरं पुन्हा गल्लीत.

हे वाचलं तेव्हा मी दुसऱ्या फॉर्मवरच्या ११ कडे बघितलं. या आकड्यातून कोण काय उचलेल, ते मला माहीत नव्हतं.

*

रोममध्ये १९०७च्या ६ जानेवारीला मारिया मॉन्टेसरी यांनी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं ‘बालगृह’ उघडलं. त्या डॉक्टर होत्या, मोजमापाचा त्यांना तिटकारा वगैरे अजिबात नव्हता. त्यांच्याकडे मुलांची उंची आणि वजन ठरलेल्या वेळी घेतलं जायचं, नोंदी राहायच्या. पण व्यायामाबद्दल लिहिताना त्या एका कुंपणाची हकीकत सांगतात, ती मला फार आवडते.

बालगृहाच्या अंगणात बागेभोवती आडव्या तारांचं कुंपण होतं. मुलांना बसायला जागा होती, खुर्च्या होत्या. पण मुलं खालच्या तारेवर पाय ठेवायची, वरची तार हातांनी पकडायची आणि आडवी आडवी सरकत जायची. दुसरं कोणी असतं तर ‘उतर खाली, पडशील’ म्हणालं असतं. बाईंनी विचार केला, हे असं का करतात? त्यांचं उत्तर शरीराच्या प्रमाणात होतं. या वयात धड मोठं आणि पाय आखूड असतात. सगळा भार पायांवर पडतो. म्हणून मूल रांगतं, लोळतं, हातांवर भार घेता येईल असं काहीतरी शोधतं. मग त्यांनी शाळांसाठी तसंच कुंपण सुचवलं, व्यायामाचं साधन म्हणून. हुकमावर चालणाऱ्या सामुदायिक कवायतीवर त्यांनी चांगलीच टीका केली आहे.

इथे क्रम लक्षात घ्या. आधी मूल काहीतरी करतं, मग मोठं माणूस बघतं, मग साधन तयार होतं. आमच्या फॉर्ममध्ये क्रम बरोबर उलटा होता. साधन आहे का? असेल तर मूल काहीतरी करत असेलच.

मॉन्टेसरींचा विचार गुजरात-महाराष्ट्रात आणला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाईंनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. ताराबाई १९२३मध्ये तिथे गेल्या आणि १९२६मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. शहरी बालमंदिरं चालली. पण ताराबाईंना खेड्यात जायचं होतं. १९४५मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला काम सुरू केलं. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ.

बोर्डीला अडचण अशी की बालवाडी होती, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली, कोणाच्या तरी अंगणात. अंगणवाडी हा शब्द असा जन्मला. आज तो देशभर सरकारी कागदावर आहे, आणि त्याचा पहिला अर्थ होता की मूल आपल्या दारात येत नसेल तर आपण त्याच्या दारात जायचं. मॉन्टेसरीची साधनं महाग. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. अंगण साफ करणं, पाणी भरणं, झाडाला घालणं, अभिनयगीतं, फेर, हे सगळं शिक्षणात होतं. त्यात ‘शारीरिक शिक्षण’ असा वेगळा तास शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही.

पुढे १९५०च्या दशकात दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांसाठी. तिथे त्यांना कळलं की पाच-सहा वर्षांच्या मुली येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. आणखी थोडी मोठी मुलं येत नव्हती, कारण ती गुरं चारायला जायची. म्हणून कुरणशाळा, गुरांच्या मागे मागे जाणारी. या दोघींनी मूल्यमापनाचा तक्ता काढला की नाही याला माझ्या लेखी महत्त्व नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आलेली मुलं काय करतात, याच्या आधी त्या विचारायच्या, न आलेलं मूल कोणतं आणि ते का आलं नाही.

*

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, ३३ प्रकल्पांपासून. नाव घेतलं कोसबाडवाल्यांचं: अंगणवाडी. योजनेत सहा सेवा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आई आणि बायांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि मुलांना अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण.

या सहांतल्या पाच गोष्टी मोजता येतात. किती जेवली, किती टोचली, वजन किती. सहावी मोजायला अवघड. त्यामुळे काय झालं असेल, ते सांगायला इतिहासकार लागत नाही. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा.

वजनकाट्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही. १९९०च्या दशकात मेळघाट आणि जव्हार-मोखाड्यातून बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा मुलांचं वजन कोणीतरी दर महिन्याला नीट घेणं आणि त्यावरून हलणं ही जिवाची गोष्ट होती. अजूनही आहे. अंगणवाडीत ‘सॅम’ आणि ‘मॅम’ ही नावं मुलांना पडतात, तीव्र आणि मध्यम कुपोषित अशा अर्थानं, आणि ताई त्या मुलांच्या घरी चकरा मारतात. पण वजन हे शरीर किती आहे ते सांगतं. ते शरीर काय करतं, हे सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६मध्ये वाढीची नवी मानकं दिली, तेव्हा हालचालींचे सहा टप्पेही दिले. आधाराशिवाय बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, धरून चालणं, सुटं उभं राहणं, सुटं चालणं. त्यासाठी ज्या पाच देशांतली मुलं पाहिली त्यात भारत होता. टप्पे फार उपयोगी आहेत. पण यादी चालण्यापाशी संपते. मूल चालायला लागलं की आपल्या नोंदवहीतून त्याचे पाय गायब होतात. ते पुन्हा उगवतात थेट शाळेच्या क्रीडास्पर्धेत, तेही धावणाऱ्या पहिल्या तिघांचेच.

मधल्या तीन-चार वर्षांचं काय, यावर अमेरिकेत दोन उत्तरं निघाली.

पहिलं १९८०मध्ये, नॉर्थ कॅरोलिनात. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी बालवाडीच्या वातावरणाला गुण द्यायची एक पट्टी बनवली. ३७ बाबी, प्रत्येकीला एक ते सात. ही पट्टी जगभर गेली, तिची भाषांतरं झाली, तामिळनाडूत तिचं देशी रूपही तयार झालं. आमचा फॉर्म तिच्या कितव्या पिढीतला होता ते सांगता येणार नाही, पण चेहरा ओळखू येतो. मूळ पट्टीत शरीराच्या मोठ्या हालचालींविषयी चार बाबी होत्या: जागा, साधनं, वेळ आणि देखरेख. आमच्यापर्यंत येता येता पहिल्या तीन राहिल्या, चौथी गळली. गळणारच. जागा फुटपट्टीनं मोजता येते, साधनाचा फोटो काढता येतो, वेळ भिंतीवर लिहिलेली असते. मोठं माणूस खेळणाऱ्या मुलाकडे कसं बघतं, ते टिपायचं तर तासभर तिथे बसावं लागतं. आम्हाला एका केंद्रावर चाळीस मिनिटं दिली होती आणि एसटी सव्वाबाराला होती.

दुसरं उत्तर १९८५चं, डेल उलरिक यांचं. त्यांनी केंद्र सोडून सरळ मुलाकडे बघितलं. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चाचणी: पळणं, एका पायावर उड्या, लांब उडी, चेंडू फेकणं, झेलणं, लाथाडणं वगैरे. यात सेकंद आणि मीटर नाहीत. मूल ते कसं करतं, एवढंच बघायचं. एका पायावर उडी मारताना उचललेला पाय लोंबत राहतो की झोका घेऊन शरीराला पुढे ढकलतो? हात कोपरात वाकलेत का, ते सोबत पुढे येतात का? प्रत्येक खुणेला एक किंवा शून्य.

हे वाचताना मला हसू आलं. ही तर लंगडी! आमच्या वाडीवरची ती मुलगी ज्या पायाचा झोका घेऊन पोरांच्या अंगावर जात होती, त्याला जगात कुठेतरी गुण होते. माझ्या फॉर्ममध्ये नव्हते. चाचणीत बॅटनं चेंडू टोलवणंही आहे, बेसबॉलच्या देशात बनल्याची खूण. आपल्याकडच्या कोणी केली असती तर बांधावरून चालणं आलं असतं, डोक्यावर काहीतरी ठेवून चढ चढणं आलं असतं. पण बघण्याची जागा बरोबर आहे.

आणि २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी किमान १८० मिनिटं अंग हलवावं, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. आपल्या नव्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात, २०२२च्या, शारीरिक विकास पंचकोशातल्या अन्नमय कोशाखाली येतो. नाव काही द्या. नर्सरीतल्या त्या अर्ध्या तासात बावीस मुलांनी मिळून किती मिनिटं अंग हलवलं असेल?

*

सहा महिन्यांनी त्याच संस्थेनं दुसऱ्या फेरीला बोलावलं. पैसे हवे होतेच, आणि ती वाडीही बघायची होती.

वाडीवर घसरगुंडी आली होती. पहिल्या फेरीत ज्यांचे गुण कमी त्यांना साधनं द्यायची, असं कुठेतरी ठरलं होतं. निळी, प्लास्टिकची, अंगणाच्या बरोबर मधोमध, आणि तिच्या शिडीला साखळी आणि कुलूप.

“कुलूप का हो ताई?”

“डेडस्टॉक रजिस्टरला चढवलीय ना मॅडम. मोडली तर कोण भरून देणार? साहेब आले की उघडते.”

ताईंना बोलायला तोंड नव्हतं असं नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांचं मानधन किती ते मला माहीत होतं. अंगणाचा मोठा भाग घसरगुंडीनं घेतलेला, त्यामुळे लंगडीचा खेळ आता रस्त्यावर गेला होता. फॉर्मप्रमाणे गुण मात्र वाढत होते. घसरगुंडी आहे: पाच.

या वेळी मी दुपारची एसटी सोडायचं ठरवून आले होते. मोबाइलवर टायमर लावला आणि एकेका मुलाकडे दहा दहा मिनिटं बघत बसले. हे काही संशोधन नव्हे, चार मुलं बघितली फक्त. पहिली तिघं दहातली सहा-सात मिनिटं तरी हलत होती, चढत, उतरत, एकमेकांना ओढत. नर्सरीत हाच प्रयोग केला होता, तिथल्या मुलाला दोन मिनिटं मिळाली होती.

ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. डाळ निवडत होत्या. “याला बघताय होय?” त्या म्हणाल्या. “हा पावसाळ्यात ओट्यावरून ढुंगणावर बसून उतरायचा. मग हात धरून. आता बघा, पाय आधी टेकवतो, पण वाकून. दिवाळीला उडी मारंल.” मग दुसऱ्याबद्दल, मग तिसऱ्याबद्दल. कोण डाव्या पायानं चढतं, कोण पडायला घाबरतं, कोणाचं पोट दुखत असलं की ते पळत नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. अंगणवाडीतल्या ढीगभर रजिस्टरांत किंवा मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये ते लिहायला जागा नव्हती, आणि त्यांना ते कोणी विचारलंही नव्हतं. मी पण पहिल्या फेरीत नव्हतं विचारलं.

“आणि ही?”

चौथी ती लंगडीवाली मुलगी. दहाच्या दहा मिनिटं ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कडेवर भाऊ, सातआठ महिन्यांचा. मधेच त्याला दुसऱ्या कडेवर घ्यायची. रस्त्यावर पोरं ओरडली की मान तिकडे जायची.

“आई आता कामाला जाती ना हिची,” ताई म्हणाल्या. “येती रोज. खाऊ नेती. पण खेळत नाही.”

मी फॉर्म उघडला. नऊ प्रश्न पुन्हा वाचले. हजेरीत ती होती, वजनात ती होती, आता घसरगुंडीतही तिचा वाटा होता. विभाग चारची बेरीज झाली १९. शेवटी ‘शेरा’ म्हणून दोन ओळी रिकाम्या असतात, त्या मी पहिल्या फेरीत कुठेच भरल्या नव्हत्या. तिथे लिहिलं: एक मुलगी खेळत नाही. कडेवर भाऊ असतो. पाळणाघर हवं. घसरगुंडीला कुलूप आहे, ते ताईंमुळे नाही.

आठवड्यानं डेटा एंट्री करणाऱ्या मुलाचा फोन आला. “मॅडम, तुमच्या त्या वाडीच्या फॉर्मवर शेरा आहे. एक्सेलमध्ये शेऱ्याला कॉलमच नाहीये. सोडून देऊ?”

“कॉलम टाकता येईल का?”

“सरांना विचारावं लागेल. बाकी सगळ्या फॉर्मांचा रिकामाच राहील तो.”

“राहू दे रिकामा,” मी म्हटलं. “तू टाक.”